शहापुरातलं बिनपाटीचं रद्दीचं दुकान: कोलाज करणाऱ्यांसाठी सविस्तर रिव्ह्यू

गेली चार वर्षं माझ्या कोलाजचं, म्हणजे छापील कागद कापून-चिकटवून केलेल्या चित्रांचं, जवळजवळ सगळं सामान ज्या दुकानातनं येतंय त्याबद्दल एकदा नीट लिहायचं होतं, राहूनच जात होतं. परवा एका मुलीनं परत विचारलं की ताई हे कागद तुम्ही कुठनं आणता, ऑनलाइन मागवता काय, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकते. दुकान रद्दीचं आहे. बेळगावच्या शहापुरात, नाथ पै चौकापासून चालत पाच-सात मिनिटांवर एका बोळात, पाटी नाही, दारात लटकवलेला तराजू आणि सुतळीनं बांधलेले पेपरचे गठ्ठे एवढीच खूण. मालकांना सगळे मामा म्हणतात, मी पण मामाच म्हणते.

आधी माझं थोडं सांगते म्हणजे मी कुठल्या अंगानं बघते ते कळेल. मी वडगावची, साड्या विणणाऱ्या मागवाल्यांच्या घरातली. आर्टची डिग्री नाही, दिवसभर डीटीपीचं काम करते आणि रात्री जेवणं झाली की कोलाज. फुलं-पक्षी लावून सजवलेलं कोलाज करणाऱ्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही पण मला ते जमत नाही, मला गावात जे दिसतं त्यावरच बोलायचं असतं, शेतं, माग, बस, इलेक्शन, पाट्या. आणि त्यासाठी कागद पण गावात राहिलेला लागतो, हे मला चारशे रुपये घालवून कळलं. सुरुवातीला एक तयार कोलाज किट मागवलं होतं, पन्नास-साठ पानं, छपाई सुंदर, कागद जाड. त्यात परदेशातली फुलपाखरं, कुणाच्यातरी इंग्रजी पत्रांच्या नकला, आयफेल टॉवर, जुने स्टॅम्प. आठ दिवस टेबलावर पसरून ठेवलं आणि एकाही पानाला कात्री लावावीशी वाटली नाही. वडगावच्या शेतावर बोलायला आयफेल टॉवर काय कामाचा?

मग आई म्हणाली, घरातली रद्दी घालून ये आणि तिथंच काय मिळतंय का बघ. गेले. मामा माझे पेपर तोलत होते आणि मी मागच्या ढिगाकडं बघत उभी राहिले, तशी साधारण अर्धा तास उभीच होते. वरती मराठी पेपर, त्याखाली कन्नड, मग उर्दू पेपरचा अर्धा गठ्ठा, दहावीची गाईडं, दिवाळी अंक, कन्नड साप्ताहिकं, लग्नपत्रिका, बियाणांच्या पिशव्या, साडीचे बॉक्स, क्लासच्या जाहिराती, प्लॉटची पत्रकं, औषधांच्या दुकानातली माहितीपत्रकं. बाहेर ज्या भाषांच्या नावानं आमच्या गावात सत्तर वर्षं भांडण चाललंय त्या सगळ्या इथं एका सुतळीत बांधलेल्या. मी विचारलं, यातलं निवडून घेतलं तर चालेल का. मामा म्हणाले, "बसा की अक्का, सावकाश बघा, कोण हाकलायलंय तुमास्नी." आणि एक स्टूल पुढं सरकवलं. तेव्हापासून महिन्यातनं दोनदा तरी त्या स्टुलावर मी असतेच.

रेट सांगते, कारण पहिला प्रश्न तोच येतो. पेपर निवडून घेतला तर किलोला ३० रुपये, गुळगुळीत मासिकं ४०, पत्रिका-पत्रकं-जाहिराती असं मिसळ २०. अख्खा गठ्ठा न निवडता उचलला तर कमी करतात. तीन-चार किलोत माझे दोन महिने आरामात निघतात. म्हणजे शंभर-सव्वाशे रुपयांत दोन महिन्यांचं सामान, आणि तेही असं की दुसऱ्या कुणाच्या टेबलावर ते असूच शकत नाही.

मामांची वर्गवारी ही या दुकानाची सगळ्यात मोठी ताकद आहे असं मला वाटतं. सगळेच रद्दीवाले पांढरं, रंगीत, पेपर, पुठ्ठा असं वेगळं करतात कारण पुढं भाव वेगळा मिळतो. पण मामा त्याच्या आत अजून एक वर्गवारी करतात. लग्नपत्रिका जाड कागदाच्या म्हणून एका खोक्यात, कॅलेंडरं गुंडाळून एका कोपऱ्यात, शाळेची पुस्तकं इयत्तेप्रमाणं कारण पोरं विकत घ्यायला येतात, आणि देवाचे फोटो असलेलं जे काय असेल ते तराजूत घालतच नाहीत, एका पिशवीत बाजूला ठेवतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी एका पिंपळाखाली ठेवून येतात. मी त्या पिशवीला हात लावत नाही. भूपेन खख्खर, जे व्यवसायानं चार्टर्ड अकाउंटंट होते आणि नंतर बडोद्याचे मोठे चित्रकार झाले, त्यांनी साठच्या दशकात बाजारात मिळणारी देवांची छापील चित्रं कापून कोलाज केली होती, आणि आपल्याकडच्या चित्रकलेत ते फार धाडसाचं आणि महत्त्वाचं काम होतं. ते मला पटतं. पण मामांनी जे श्रद्धेनं बाजूला ठेवलंय ते मी त्यांच्याच दुकानात बसून कापणार नाही, एवढं माझं ठरलेलं आहे.

आता थोडं विषयांतर वाटेल, पण ते सांगितल्याशिवाय या दुकानाचं महत्त्व कळणार नाही. कोलाज म्हणजे फ्रेंचमध्ये चिकटवणं. पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ साली चित्रात छापील कागद चिकटवायला सुरुवात केली, आणि पिकासोनं त्या वर्षी जे पेपरचे तुकडे लावले त्यातल्या काहींवर तेव्हा चाललेल्या बाल्कन युद्धाच्या बातम्या होत्या. म्हणजे टेबलावर ग्लास-बाटली आणि तिच्या पोटात युद्ध. ताजा पेपर आज घरात येतो, उद्या रद्दीत जातो, आणि मधल्या वेळेत कुणीतरी तो कापून ठेवला तर ती बातमी राहते.

कोलाज करणाऱ्यांत मला सगळ्यात जवळची वाटते ती हाना ह्योख. बर्लिनची. ती १९१६ पासून दहा वर्षं एका मोठ्या मासिकं छापणाऱ्या कंपनीत नोकरीला होती, आणि काम काय, तर भरतकामाचे, विणकामाचे, लेसचे नमुने काढणं. हे वाचलं तेव्हा मला माझ्या आत्या आठवल्या, साडीच्या किनारीची नक्षी चौकटीच्या वहीत काढणाऱ्या. या बाईनं त्याच कंपनीची मासिकं कापून १९१९-२० मध्ये एक मोठं कोलाज केलं, साधारण ११४ बाय ९० सेंटिमीटरचं, त्याच्या नावातच स्वयंपाकघरातली सुरी आहे. त्यात पुढारी आहेत, सेनापती आहेत, मशीनची चाकं आहेत, नाचणाऱ्या बाया आहेत, आणि उजव्या हाताला खाली एका कोपऱ्यात युरोपचा छोटा नकाशा, ज्यात बायकांना मताचा अधिकार मिळालेले किंवा मिळू घातलेले देश दाखवलेत, आणि त्याच्या शेजारी तिनं स्वतःचा छोटासा चेहरा लावलाय. जर्मनीत बायकांनी देशाच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत टाकलं जानेवारी १९१९ मध्ये, म्हणजे विषय अगदी ताजा होता. मी ते चित्र स्क्रीनवर झूम करून करून बघितलंय. एवढ्या गर्दीत तिनं आपली जागा कोपऱ्यात घेतली, पण मताच्या नकाशाला चिकटून घेतली.

दुसरा जॉन हार्टफील्ड. त्याचं खरं नाव हेल्मुट हर्झफेल्ड, पहिल्या महायुद्धात जर्मनीत इंग्रजांविरुद्ध जो द्वेष पसरवला जात होता त्याचा निषेध म्हणून त्यानं आपलं नावच इंग्रजी करून घेतलं. आमच्यासारख्या सीमाभागातल्या माणसाला ही गोष्ट वाचून काय वाटतं हे मी वेगळं सांगायला नको. त्यानं १९३२ साली हिटलरचा एक्स-रे दाखवला, छातीच्या पिंजऱ्यात पाठीचा कणा आहे तो सोन्याच्या नाण्यांचा, आणि खाली ओळ अशा अर्थाची की हा सोनं गिळतो आणि बोलतो ते कचरा. उद्योगपतींचा पैसा कुठं जातोय हे सांगायला त्याला एकच चित्र पुरलं. पुढच्याच वर्षी नाझी सत्तेवर आले आणि त्याला प्रागला पळून जावं लागलं.

आणि तिसरी मार्था रोझलर, अमेरिकेतली. तिनं साधारण १९६७ ते १९७२ च्या काळात काय केलं, तर घरसजावटीच्या मासिकातल्या चकाचक खोल्या घेतल्या आणि त्यात व्हिएतनाम युद्धाचे, बातम्यांच्या मासिकातले फोटो बसवले. एका चित्रात एक बाई मशीननं पडदे साफ करतीय आणि पडद्याच्या पलीकडं खडकात सैनिक बसलेत. ही चित्रं तिनं सुरुवातीला गॅलरीत लावली नाहीत, झेरॉक्स काढून युद्धाविरुद्धच्या मोर्चात वाटली. मामांच्या ढिगात हे रोज आपोआप होत असतं, सोफ्याच्या जाहिरातीखाली पुराचा फोटो, मंगळसूत्राच्या जाहिरातीखाली हुंड्याची केस. आपलं काम एवढंच की ते बघायचं आणि पुढच्या गठ्ठ्यात मिसळायच्या आत उचलायचं. म्हणून मी म्हणते की हे दुकान म्हणजे नुसता स्वस्त कागद नाही.

एक काम जरा जवळनं सांगते. आमच्या वडगाव-शहापूर-अनगोळ-येळ्ळूर शिवारातला भात, विशेष करून बेळगावचा बासमती, ज्यानं खाल्लाय त्याला त्याचा वास माहीत आहे. त्याच शिवारातनं बळ्ळारी नाला जातो, मोठा पाऊस झाला की शेतात पाणी शिरतं, रोपं कुजतात, परत लावणी. त्यात हलगा-मच्छे बायपासची जमीन, त्यावर शेतकऱ्यांची आंदोलनं, कोर्ट. आणि कडेकडेनं प्लॉट. मला यावर करायचं होतं पण कसं ते सुचत नव्हतं, ट्रॅक्टर, बुलडोझर, रडणारा शेतकरी, हे सगळं लावून बघितलं, पोस्टरसारखं दिसत होतं. मग मामांकडं प्लॉटच्या पत्रकांचा गठ्ठा हाताला लागला. प्रत्येक पत्रकावर घर, आणि घरासमोर हिरवळ. तीस बाय चाळीस, एन.ए., स्वप्नातलं घर, आणि खाली ती हिरवळ. एकदम डोक्यात आलं की शेत याच हिरव्यातनं करायचं. दुसरा कुठलाही हिरवा वापरायचा नाही.

एका पत्रकावर हिरवळ असून असून किती, दोन बोटं. ती उभी चिरायची, तांदळाच्या पातीसारखी, वरती निमुळती, एक पात साधारण आठ मिलिमीटर रुंद. मला सव्वाशेच्या वर पत्रकं लागली आणि तीन आठवडे. नाल्याचं पाणी केलं ते पुराच्या बातम्यांच्या फोटोंचं, त्यात २०१९ च्या ऑगस्टचे पेपर होते, फोटोतलं करडं-तपकिरी पाणी कापून आडव्या पट्ट्या लावल्या, काही पट्ट्यांवर अर्धवट अक्षरं राहिली ती तशीच ठेवली. मधोमध लावणी करणारी बाई, पण शेतीच्या मासिकात मला तिचे गुडघ्यापर्यंतचे पाय आणि चिखलातले हातच मिळाले, बाकी पान फाटलेलं. तेवढंच लावलं. आणि जमिनीखाली, मुळांच्या जागी, एक लेआउटचा नकाशा उलटा करून.

पूर्ण झाल्यावर मामांना नेऊन दाखवलं, कागद त्यांच्याकडचा होता ना. त्यांनी चष्मा लावला, बोर्ड उजेडाकडं धरला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाय हायत, बाईचं वरचं अंग कुठं गेलं?" मी म्हटलं, मामा पान फाटलेलं होतं. ते म्हणाले, "न्हाय, तसंच ठेवा." मग खालच्या त्या उलट्या नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यात आमच्या भावकीचं अर्धा एकर गेलंय. हा कोपरा." मला माहीत नव्हतं. मी तो नकाशा फक्त रेघा चांगल्या आहेत म्हणून घेतला होता. पुढच्या खेपेला गेले तर त्यांनी प्लॉटची सगळी पत्रकं वेगळी करून सुतळीत बांधून ठेवली होती, पैसे घेतले नाहीत. मी पण रोझलरसारखं केलं, त्या कोलाजच्या ए-फोर रंगीत झेरॉक्स काढल्या, खाली एक शब्द लिहिला नाही, आणि शिवारात ओळखीच्या पंधरा-वीस जणांना दिल्या. एकानं ती पंपाच्या खोलीच्या दाराला आतनं लावली आहे.

माझ्या घरातलं काम म्हणजे मागाचं. आमच्याकडं चार माग होते, आता एकही नाही. वडिलांच्या जकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राचे, भोकाभोकाचे पुठ्ठे माळ्यावर होते, एक एक पुठ्ठा म्हणजे नक्षीतली एक ओळ. मामांकडनं बाहेरगावच्या साड्यांच्या सेलची रंगीत पत्रकं आणली आणि ती त्या पुठ्ठ्यांच्या मागं लावली, म्हणजे समोरनं बघितलं की भोकाभोकातनं सेलच्या साडीचे ठिपके दिसतात आणि लांबनं बघितलं की आमच्या शहापुरी साडीचा काठ. वडिलांनी बघितलं आणि एक पुठ्ठा उलटा लागलाय म्हणून दाखवलं. बरोबर होतं त्यांचं, काढून परत लावला.

सीमाप्रश्नावर पण एक आहे. मामांकडं एक शालेय नकाशासंग्रह मिळाला, मुखपृष्ठ नव्हतं त्यामुळं साल नव्हतं, पण आत महाराष्ट्र होता आणि कर्नाटक नव्हता, मैसूर राज्य होतं, म्हणजे १९६० ते १९७३ मधला कुठलातरी. सीमाप्रश्नावर केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, त्याच काळातला. मी त्यातली दोन राज्यांमधली तुटक-तुटक रेघ तेवढी कापून काढली, दोन मिलिमीटरची पट्टी, सगळ्यात बारीक काम होतं ते, हात थरथरला तर संपलं. मग २०२२ च्या डिसेंबरमध्ये दोन्हीकडच्या बसेस बंद झाल्या होत्या तेव्हाची एक आठवण होती, आई कोल्हापूरला मावशीकडं गेली होती आणि येताना तिला सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडं उतरून पिशव्या घेऊन चालावं लागलं होतं. ती दोन तिकिटं आईनं पर्समध्ये ठेवली होती, एक मराठीतलं, एक कन्नडातलं. दोन तिकिटं दोन बाजूला लावली आणि ती रेघेची पट्टी मधे, आईच्या पिशवीचा बंद म्हणून. बाकी बोर्ड रिकामा ठेवला. याच्यावर मला दोन्ही बाजूंनी ऐकून घ्यावं लागलं, एक जण म्हणाले यात मराठी माणसावरचा अन्याय ठळक आला नाही, दुसरे म्हणाले हा विषयच कशाला काढला. मला माझी आई चालली ते दाखवायचं होतं. अन्याय मला पण दिसतो, जमिनीच्या उताऱ्यावरचं कन्नड माझ्या आजीला कधी वाचता आलं नाही आणि प्रत्येक वेळी कुणाकडं तरी जावं लागायचं, ते पण मी करणार आहे, त्याचा कागद अजून मिळालेला नाही.

इलेक्शनची पत्रकं हवी असतील तर मतदान झाल्यावर दहा दिवसांच्या आत जा, नंतर लगदा होतो. २०२१ ला महापालिकेच्या ५८ वॉर्डांची झाली तेव्हाची माझ्याकडं जपलेली आहेत, तोच फोटो, तेच हात जोडलेले, एका बाजूला मराठी एका बाजूला कन्नड. फार बोलकं सामान आहे.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं तर रिव्ह्यूचा उपयोग नाही.

सगळ्यात मोठी, आणि ही मी मामांना तोंडावर सांगितली आहे. रद्दीत लोकांचे खासगी कागद येतात. आधारच्या झेरॉक्स, बँकेची स्टेटमेंटं, दवाखान्याचे रिपोर्ट, शाळेचे अर्ज, फोटोसकट. पहिल्या वर्षी हे सगळं पांढऱ्या कागदाच्या ढिगात तसंच पडलेलं असायचं आणि कुणीही उचलून न्यावं. मला एका बाईचा सोनोग्राफीचा रिपोर्ट मिळाला होता, नाव-गाव सगळं, आणि खरं सांगते, तो काळा-करडा गोल कोलाजमध्ये फार सुंदर दिसला असता. मी तो फाडून टाकला. दुसऱ्याचं दुखणं न विचारता चिकटवून त्याला समाजाबद्दल बोलणं म्हणणं मला मान्य नाही. मामांशी यावर बोलणं झालं तेव्हा आधी म्हणाले, "लोकंच टाकत्यात, आमी काय करायचं?" पण नंतर एक पोतं वेगळं केलं, नाव-नंबर असलेलं दिसलं की त्यात, आणि ते पोतं फाडूनच पुढं जातं. तरी सगळं पकडलं जात नाही. तुम्ही गेलात आणि असं काही दिसलं तर वापरू नका, पोत्यात टाका. आणि घरातनं रद्दी घालताना स्वतःचं आधी फाडा, हे तर सगळ्यांनाच सांगते.

दुसरी तक्रार पावसाची. आमचा पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर सगळं ओलं. दुकानाच्या मागच्या भिंतीला ओल येते, खालचे गठ्ठे दमट होतात, गुळगुळीत मासिकांची पानं एकमेकांना चिकटून दगड होतात आणि सोडवायला गेलं की रंग निघून येतो. मी जुलैत एकदा पाच किलो दिवाळी अंक आणले आणि निम्मे फुकट गेले. पावसाळ्यात फक्त वरच्या फळीवरचं घ्या. कसर पण असते, ती चंदेरी बारीक किडी, त्यामुळं आणलेलं सामान सरळ कपाटात ठेवू नका, दोन दिवस कडक उन्हात पानं उघडून ठेवा.

धूळ फार आहे. दमा असणाऱ्यांनी मास्क लावूनच बसावं. आणि सुट्टे पैसे नसतात, फोनवरनं पैसे घेतात पण नेटवर्क त्या बोळात येतं-जातं. एकदा मला वाटलं तराजू थोडा जास्त दाखवतोय, घरी येऊन तोललं तर दोनशे ग्रॅमचा फरक होता, सांगितल्यावर मामांनी दुसऱ्या वेळी तेवढा कागद जास्तीचा घातला आणि तराजूची कडी बदलली. पण तुम्ही आपलं बघून घ्या.

नवीन करणाऱ्यांसाठी कागदाबद्दल थोडं, कारण रद्दीचा कागद किटच्या कागदासारखा वागत नाही. पेपरचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं लिग्निन काढलेलं नसतं म्हणून ऊन-हवा लागली की तो पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. काही लोक म्हणतात मग वापरूच नका. मी वापरते, पण जो भाग टिकायलाच हवा, चेहरा, तारीख, महत्त्वाची ओळ, त्याची लेझर झेरॉक्स चांगल्या कागदावर काढून ती लावते, बाकीचा पिवळा पडू दे. प्लॉटची पत्रकं, कॅलेंडर यांना चकचकीत थर असतो, त्यावर पातळ गोंद धरत नाही, मागची बाजू पॉलिश पेपरनं हलकी घासून घ्यावी लागते. पांढरं फेविकॉल सरळ बाटलीतनं लावलं की पातळ कागद फुगतो आणि सुरकुत्या पडतात, मी त्यात थोडं पाणी घालून ब्रशनं दोन्ही बाजूला, बोर्डला पण आणि कागदाला पण, लावते, आणि वरनं जुनं एटीएम कार्ड फिरवते. मोठ्या कामाला मैद्याची खळ सगळ्यात चांगली, स्वस्त आणि चुकलं तर ओलं करून काढता येतं, फक्त त्यात बाइंडिंगवाले घालतात तसा चिमूटभर मोरचूद घाला म्हणजे कीड लागत नाही. मोरचूद विषारी आहे, लहान मुलं असतील त्या घरात नको, आणि त्या खळीचं भांडं स्वयंपाकाला परत वापरू नका. पुठ्ठ्यावर एका बाजूनं कागद लावला की तो वाळताना पापडासारखा वाकतो, मागच्या बाजूला पण तेवढाच कागद लावा, मग सरळ राहतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, तीन कामं वाकल्यावर एका बाइंडरकाकांनी दाखवलं.

शेजारी भंगारचं दुकान आहे तिथं पण डोकावून या. २०२४ च्या कायद्यानं पाट्यांवर ६० टक्के कन्नड झालं तेव्हा मला तिथं हातानं रंगवलेली एक पत्र्याची मराठी पाटी मिळाली होती, अक्षर असं सुंदर की ते लिहिणाऱ्या पेंटरला शोधायला मी दोन रविवार फिरले. सापडला नाही. पाटी कापली नाही, भिंतीला टेकून ठेवली आहे.

रेटिंग द्यायचं तर पाचातले साडेचार. अर्धा कापला तो खासगी कागदांसाठी, ते पोतं अजून काटेकोर व्हायला पाहिजे.

सकाळी नऊच्या आधी जाऊ नका, तेव्हा हातगाडीवाले माल उतरवत असतात आणि बसायला जागा नसते. अकरा ते एक सगळ्यात चांगली वेळ. दीड ते चार बंद. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस घरोघरची साफसफाई होते तेव्हा माळ्यावरचं जुनं येतं, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं सुद्धा, तेव्हा एक दिवसाआड गेलात तरी चालेल. आणि पिशवी घरातनं जाड कापडाची न्या, सुतळी मामा देतात.